शिकलेली माणसं देश सोडून जातात, तेव्हा नेमकं कुणाचं काय जातं?

१९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्पनी नव्या एचवनबी (अमेरिकेत नोकरीसाठी जाणाऱ्या शिकलेल्या लोकांचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर फी लावली, म्हणजे आपले साधारण ८८ लाख रुपये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर घराघरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच सूर. एक सूर काळजीचा, की अरे आता आपल्या चिन्मयचं एमएस पुढच्या वर्षी संपतंय त्याचं काय. दुसरा सूर जरा खुशीतलाच, की बरं झालं, सरकारच्या पैशावर शिकायचं आणि चाकरी गोऱ्यांची करायची हा धंदा एकदाचा बंद होईल, टॅलेंट आपल्याकडेच राहील. गंमत म्हणजे दोन्ही गटांत बऱ्याचदा तीच माणसं असतात, फरक एवढाच की स्वतःचा भाचा असला की पहिला सूर, आणि शेजाऱ्याचा असला की दुसरा.

ह्या विषयावर आपल्याकडे वाद खूप होतो पण हिशोब कुणी मांडत नाही, म्हणून जमेल तेवढा सोप्या भाषेत मांडतो. माझं म्हणणं थोडक्यात असं की शिकलेला माणूस बाहेर गेल्याने देशाचा फायदाही होतो आणि तोटाही होतो, दोन्ही खरं आहे, पण फायदा एकाच्या खिशात पडतो आणि तोटा दुसऱ्याच्याच खिशातून जातो. आपण मात्र दोन्ही खिसे "देशाचे" म्हणून एकत्र मोजतो आणि मग भांडत बसतो.

आधी आकार बघू. भारतातून इतके लोक जातात की वाटतं अख्खा देश रिकामा होतोय, पण २००० सालच्या आसपासची तुलनात्मक आकडेवारी बघितली तर भारतातल्या पदवीधरांपैकी श्रीमंत देशांत राहणारे होते जेमतेम चार-साडेचार टक्के. त्याच काळात क्लाइव्ह लॉईडच्या गयानाचे आणि तसंच जमैकाचे ८० टक्क्यांपेक्षा जास्त पदवीधर देशाबाहेर होते. म्हणजे शिकलेल्या दहातले आठ गेलेले! गयानाची लोकसंख्या आपल्या सोलापूर शहरापेक्षाही कमी, त्यामुळे तिथला एक भूलतज्ज्ञ विमानात बसला की एखाद्या हॉस्पिटलमधली ऑपरेशनं खरंच थांबू शकतात. भारतात एक भूलतज्ज्ञ गेला तर कुठेतरी जाहिरात निघते आणि दुसरा मिळतो (किमान शहरात तरी). म्हणून "ब्रेन ड्रेन वाईट की चांगला" ह्या प्रश्नाला सगळ्या देशांसाठी एक उत्तर नसतंच. छोट्या देशाला ह्याची झळ फार मोठी बसते.

पण भारताचं एक वेगळं आहे. आपल्याकडून जाणाऱ्यांची टक्केवारी कमी असली तरी जातात ते अगदी वरचे. २०१० च्या जेईईत पहिल्या हजारात आलेल्यांचं पुढे काय झालं हे काही अर्थतज्ज्ञांनी शोधून काढलं, तर ३६ टक्के परदेशात निघाले, आणि पहिल्या शंभरात बघितलं तर ६२ टक्के. दिल्लीच्या एम्समधून १९८९ ते २००० मध्ये एमबीबीएस झालेल्यांचा असाच शोध घेतला गेला, त्यात निम्म्याहून जास्त, ५४ टक्क्यांच्या आसपास, देशाबाहेर सापडले. आणि एम्स म्हणजे जिथे फी जवळजवळ नसल्यासारखीच असते, खर्च सगळा सरकारी तिजोरीतून.

इथेच पहिला खिसा येतो, सरकारचा. लोक म्हणतात शिक्षणाचा खर्च वाया गेला, तो तर आहेच, पण त्याहून मोठी रक्कम असते ती त्या माणसाने इथे राहून पुढची तीस-पस्तीस वर्षं जो टॅक्स भरला असता त्याची. देसाई, कपूर ह्या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या आकड्यांवरून एक हिशोब केला होता, तो वाचून मी चाटच पडलो: तेव्हा अमेरिकेत जे दहा लाख भारतीय होते ते आपल्या लोकसंख्येच्या मानाने ०.१ टक्का, पण त्यांची एकत्र कमाई भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांइतकी. अर्थात ते इथे राहिले असते तर तेवढं कमावलं नसतं हे उघड आहे, ते धरूनही त्यांनी काढलेला तोटा देशाच्या जीडीपीच्या पाव टक्क्यापासून अर्ध्या टक्क्याच्या थोडं पुढेपर्यंत येतो. दरवर्षी! पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतं, पण देशाच्या आरोग्यावर केंद्र सरकार किती टक्के खर्च करतं ते आठवलं की नाही वाटत.

ह्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकात अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींनी एक कल्पना मांडली होती, की गेलेल्या माणसाच्या तिकडच्या कमाईवर थोडा जादा टॅक्स लावा आणि तो पैसा मूळच्या गरीब देशांसाठी वापरा. भगवती मूळचे मुंबईचे, सिडनहॅममध्ये शिकलेले, आणि स्वतः अमेरिकेत प्राध्यापक, त्यामुळे हा टॅक्स पहिला त्यांनाच लागला असता, म्हणून मला ही कल्पना जरा जास्तच प्रामाणिक वाटते. पण झालं काही नाही. वसूल कोण करणार? श्रीमंत देश आपल्या यंत्रणेतून दुसऱ्यासाठी टॅक्स गोळा करायला कशाला बसतील. अमेरिका स्वतःच्या नागरिकांकडून मात्र ते जगात कुठेही असले तरी टॅक्सचा रिटर्न मागते, आणि इरिट्रिया बाहेर गेलेल्यांकडून २ टक्के घेते, पण तिथे वसुलीची पद्धत अशी आहे की ते उदाहरण कुणी आदर्श म्हणून देत नाही. भारतात एनआरआयच्या परदेशातल्या कमाईवर टॅक्स नाही, विषय संपला.

दुसरा खिसा घरच्यांचा, आणि तो भरतो. वर्ल्ड बँकेच्या अंदाजाने २०२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी घरी १२९ अब्ज डॉलर पाठवले, जगात सगळ्यात जास्त. आणि हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल, पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत राज्यांमध्ये पहिला नंबर केरळचा नाही, महाराष्ट्राचा, २०.५ टक्के, केरळ १९.७ वर. पैसा येतो त्या देशांतही आता अमेरिका पुढे आहे, आखातातला एकही देश नाही. म्हणजे गल्फमधून मजुराने पाठवलेल्या पैशाची जागा सॉफ्टवेअरवाल्याच्या पैशाने घेत आणलीये.

आता हा पैसा कुठे जातो ते बघा. मजुराचा पैसा घराच्या कौलावर, पोरांच्या शाळेवर, बहिणीच्या लग्नावर जातो, तो गावात दिसतो. सॉफ्टवेअरवाल्याचा पैसा जातो बाणेर-बालेवाडीच्या फ्लॅटमध्ये, एनआरई फिक्स्ड डिपॉझिटमध्ये आणि आईबाबांच्या खर्चासाठी. देशाला डॉलर मिळतात, रुपया सावरतो, हे सगळं मान्य. पण ज्या तिजोरीने एम्स किंवा आयआयटी चालवली तिच्यात ह्यातलं थेट काही जात नाही, आणि बाणेरमध्ये भाव वाढले की तिथल्याच एखाद्या शिक्षकाला घर आणखी लांब घ्यावं लागतं.

आईबाबांचा विषय निघालाच आहे तर. कोथरूडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, तिसऱ्या मजल्यावर आजी-आजोबा, मुलगा न्यू जर्सीत, मुलगी मेलबर्नला, आणि आजींना सांभाळायला ब्युरोमधून आलेली मावशी. बारा तासांची ड्यूटी, सकाळी आठ ते रात्री आठ. ती मावशी मराठवाड्यातल्या कुठल्यातरी तालुक्यातून पुण्यात आलेली असते, आणि तिची सासू आणि पोरं तिकडे गावात कोण बघतं, तर तिची चौदा वर्षांची मोठी पोरगी. न्यू जर्सीतून निघालेला धागा असा थेट त्या पोरीच्या शाळेपर्यंत जातो. घरी पाठवलेल्या पैशाच्या, म्हणजे रेमिटन्सच्या, आकड्यात ती पोरगी कुठेच दिसत नाही.

बरं, हे सगळं तोट्याचं झालं. आता थोडं उलटं, जे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलंच नव्हतं. समजा एखाद्या देशातून जायची दारं उघडी झाली, तर तिथे शिकलेले लोक कमी होतील असंच वाटतं ना? पण फिलिपिन्समध्ये झालं भलतंच. तिथे १९७४ पासून, म्हणजे हुकूमशहा मार्कोसच्या काळापासून, माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरण आहे, खातं आहे, परवाने आहेत, सगळं रीतसर. २००० नंतर काही वर्षं अमेरिकेने तिथल्या नर्सेससाठी व्हिसा वाढवले, तर तिथल्या पोरापोरींनी नर्सिंगला एवढी गर्दी केली, आणि तेवढीच खाजगी नर्सिंग कॉलेजं निघाली, की नंतर हिशोब केला तर बाहेर गेलेल्या एका नर्समागे देशात नऊ नव्या नर्स परवाना घेऊन तयार झाल्या होत्या. एक गेली, नऊ आल्या. गर्दी इतकी की डॉक्टर झालेले लोक परत नर्सिंगला बसले, कारण डॉक्टर म्हणून अमेरिकेत जाणं अवघड आणि नर्स म्हणून सोपं!

कारण साधं आहे. जाण्याची आशा शंभर जणांना शिकायला लावते, प्रत्यक्षात जातात दहा, उरलेले नव्वद तर इथेच राहतात आणि शिकलेले राहतात. फिजीतही असंच दिसलं. १९८७ च्या सत्तापालटानंतर तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना तिथे भवितव्य दिसेना, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जायचं तर डिग्री लागते, म्हणून ते जीव तोडून शिकले, भरपूर जण गेलेही, आणि तरी मागे राहिलेल्यांमध्ये शिकलेल्यांचा साठा घटला नाही.

आपल्याकडचं बघा. १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली तेव्हा किती शिव्या पडल्या होत्या, "शिक्षणसम्राट" हा शब्द तिथूनच घराघरात गेला. पण नव्वदीत अमेरिकेने एचवनबी आणला (कायदा १९९० चा), वायटूकेची (२००० साल उजाडलं की कॉम्प्युटर गडबडतील अशी) भीती पसरली, २००१ ते २००३ मध्ये तर वर्षाचा कोटा १ लाख ९५ हजारावर नेला, आणि गावोगावचा बारावी पास मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मागायला लागला तेव्हा त्याला घ्यायला कॉलेजं तयार होती. २००४ ला कोटा परत ६५ हजारावर आला. मग ह्या सगळ्या पोरांचं काय झालं? बहुतेकांना व्हिसा लागलाच नाही, काही जण सहा वर्षांची मुदत संपल्यावर परत आले, आणि हिंजवडी, बेंगळुरू, हैदराबाद त्यांच्यावरच उभी राहिली. अमेरिकेला जी माणसं हवी होती ती तयार झाली, पण काम मात्र हळूहळू इकडे सरकलं. २०२४ च्या सुमारास बाहेरच्या कंपन्यांची स्वतःची १७०० हून जास्त सेंटर भारतात होती, १९ लाख लोक त्यात काम करत होते. ही काही कुणी आखलेली योजना नव्हती, सगळं आपलं होत गेलं.

पण ह्या खेळात एक मोठी गोची आहे, आणि तीही फिलिपिन्सनेच भोगली. किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. २००७ नंतर अमेरिकेचे नर्स व्हिसा आटले, पाठोपाठ मंदी आली, आणि इकडे कॉलेजांतून नर्स निघतच होत्या. हजारो पोरी डिग्री हातात घेऊन घरी बसल्या. बाहेर जायचं तर अनुभवाचं सर्टिफिकेट लागतं, आणि हॉस्पिटलमध्ये जागा नाहीत, म्हणून ह्या पोरी "व्हॉलंटियर" म्हणून वॉर्डात फुकट राबायच्या, वर काही हॉस्पिटलं त्यांच्याकडूनच पैसे घ्यायची. विचार करा, रात्रपाळी पण करायची आणि त्याची फी पण आपणच भरायची. घर गहाण टाकून शिकवलेल्या पोरीच्या बापाला काय वाटत असेल. आज आपल्याकडे एज्युकेशन लोन काढून जाणाऱ्यांचं चित्र मला तिकडेच झुकताना दिसतं. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी होते, चीनला मागे टाकून पहिला नंबर. इथे पैसा आधी देशाबाहेर जातो, तोही बापाच्या सहीवर, आणि परत यायचा तर तिकडे नोकरी आणि व्हिसा दोन्ही लागले तरच येतो. सरकारी पैशावर शिकून पळाला म्हणायची सोय इथे नाही, कारण खिसा सरकारचा नाहीच.

परत येण्याबद्दल बोलू. "टॅलेंट परत येईल" म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, कशावर येईल? गोविंद स्वरूप ह्यांची गोष्ट ऐका. १९५० च्या दशकात ते ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकले, तिथल्या लॅबला नको झालेले छोटे डिश अँटेना भारताला भेट म्हणून द्या असं त्यांनी पटवलं, तिकडून होकारही आला, आणि गाडी अडली कुठे, तर ते जहाजाने आणायचा खर्च कुणी करायचा ह्यावर! कागद फिरत राहिले, स्वरूप वैतागून १९५६ मध्ये अमेरिकेला निघून गेले. नंतर त्यांनी आणि आणखी तीन भारतीय शास्त्रज्ञांनी परदेशातूनच होमी भाभांना आणि इतरांना प्रस्ताव पाठवला, की आम्ही चौघं परत येऊन काम उभं करायला तयार आहोत. भाभांनी तार करून कळवलं, गट स्थापन करायचं ठरलंय, या. १९६३ मध्ये स्वरूप स्टॅनफर्ड सोडून टीआयएफआरला (भाभांची मुंबईतली टाटा संशोधन संस्था) आले, दोन वर्षांत तेच सहा फुटी ३२ डिश कल्याणजवळ उभे करून सूर्याची निरीक्षणं सुरू केली, मग उटी, आणि शेवटी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. द्राक्षाच्या बागा आणि उसाच्या मधोमध. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९७२ ला केंब्रिज सोडून आले तेही टीआयएफआरलाच, आणि १९८८ मध्ये पुण्यात त्यांची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली.

म्हणजे तोच माणूस, तोच देश. एका साहेबाच्या फाइलने त्याला घालवला, दुसऱ्याच्या तारेने आणला. देशप्रेम दोन्ही वेळेला तेवढंच असणार.

तैवानने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. १९८० मध्ये शिंचूला सायन्स पार्क काढलं, अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या लोकांना बोलावलं, आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या मॉरिस चँगला १९८५ मध्ये सरकारी संशोधन संस्थेचा प्रमुख केलं. दोन वर्षांनी त्याने टीएसएमसी काढली, आज जगाच्या चिप्स तिथून येतात. हा माणूस तर जन्माने तैवानचा पण नव्हता, चीनमधला! अमेरिकेत घालवलेली ती पंचवीस वर्षं तैवानला फुकटात मिळाली. आपल्याकडेही एमआयटीत शिकलेल्या नरेंद्र पटनींच्या कंपनीत नारायण मूर्ती होते, तिथून बाहेर पडून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू केली. माणूस गेला म्हणजे कायमचा गेला असं नसतं, पण परत यायला काहीतरी काम, थोडी मोकळीक आणि बरा पगार लागतो.

आता सगळ्यात अवघड भाग, आफ्रिका आणि नर्स-डॉक्टर. घानातून २०२२ ह्या एका वर्षात बाराशेपेक्षा जास्त नर्स ब्रिटनच्या रजिस्टरवर गेल्या. तिथल्या राजधानीतल्या, अक्राच्या, एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आयसीयूमधून सहा महिन्यांत २० नर्स निघून गेल्या, आणि आयसीयूची नर्स म्हणजे आज गेली उद्या दुसरी उभी केली असं नसतं, ट्रेन करायलाच वर्षं जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ह्यासाठी एक आचारसंहिता केली, २०२३ मध्ये ५५ देशांची यादीही काढली की इथून भरती करू नका. घाना त्या यादीत आहे. पण ती सक्ती नाही, सूचना आहे, आणि तीही एजन्सीने तिकडे जाऊन भरती करण्याबद्दल, नर्सने स्वतः ऑनलाइन अर्ज टाकला तर चालतो. घ्या!

ह्यातली खरी मेख वेगळीच आहे. त्याच घानात ट्रेनिंग झालेल्या नर्स सरकारी पोस्टिंगची वर्षानुवर्षं वाट बघत घरी बसलेल्या असतात, कारण पगार द्यायला सरकारकडे पैसा नाही. म्हणजे वॉर्डात नर्स कमी आणि गल्लीत नर्स बेकार, दोन्ही एकाच वेळी. जाते ती अनुभवी, बसून राहते ती नवी. अशा वेळी विमानतळावर दार लावून काय होणार? फिलिपिन्सने कोविडमध्ये आधी बंदी घातली, मग वर्षाला ५००० ची मर्यादा, नर्सेसनी मोर्चे काढले की पगार वाढवा ना आधी.

आपल्या महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर १० लाख दंड, असा बॉन्ड आहे. तो परदेशात जाऊ नये म्हणून नाही, ग्रामीण भागात डॉक्टर मिळावेत म्हणून, आणि तरी आदिवासी पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची खुर्ची रिकामी असते. आपल्याला वाटतं तो लंडनला गेला. अहो, तो बहुतेक वेळा नाशिक नाहीतर पुण्यात असतो. क्वार्टर गळकं, लॅब टेक्निशियन नाही, पोरांना शाळा नाही, रात्री पेशंट दगावला तर मार खायची भीती, हे तसंच ठेवून उद्या जगातले सगळे व्हिसा बंद झाले तरी ती खुर्ची भरेल असं मला तरी वाटत नाही.

मग काय करता येतं? खिशांचा प्रश्न सोडवायचा तर माणूस नेणाऱ्याने त्याला घडवायचा खर्च आधीच उचलायचा. जर्मनीची "ट्रिपल विन" योजना थोडीफार तशी आहे, केरळ २०२१ पासून त्यात आहे, नर्सकडून एजंट पैसा घेत नाही, भाषेच्या क्लासचा खर्च तिकडचं हॉस्पिटल देतं. महाराष्ट्रानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला, आणि जर्मन शिकवायचे वर्ग निघाले. हे एजंटाच्या तावडीत सापडण्यापेक्षा कधीही बरं. पण भाषेचा क्लास सहा-आठ महिन्यांचा, आणि नर्स घडते चार वर्षांत, ती चार वर्षं कुणाच्या खर्चाने ते ह्या करारांत सहसा येत नाही.

त्यापुढचं पाऊल अर्थतज्ज्ञ मायकल क्लेमेन्स सुचवतात: नेणाऱ्या देशाने मूळ देशातच कॉलेज चालवायला पैसा द्यायचा, आणि शिकणाऱ्यांच्या दोन तुकड्या करायच्या, एक जाणारी आणि एक राहणारी, दोन्हींचा खर्च नेणाऱ्याचा. श्रीमंत देशात एक नर्स घडवायला जेवढा खर्च येतो त्याच्या छोट्या भागात इथे एक घडते, त्यामुळे त्यांनाही परवडतं. बेल्जियमने २०१९ मध्ये मोरोक्कोत आयटीवाल्यांसाठी हे करून बघितलं, तरुणांना तिथेच ट्रेनिंग दिलं, थोडे बेल्जियमला गेले, बाकीचे मोरोक्कोतच नोकरीला लागले. भानगड एवढीच की हा सगळा प्रयोग जेमतेम शेकड्यातल्या माणसांवर झाला, आणि एकट्या घानातून एका वर्षात, एकट्या ब्रिटनला, बाराशे नर्स निघून गेल्या होत्या.